पान नऊ

पान नऊवर मी जग लावतो.
आज रात्री साडेनऊला एजन्सीकडून आलं:
त्या देशाचं सरकार मध्यरात्रीपासून बंद.
बंद म्हणजे दगड नाहीत, टायर नाहीत,
दुकानांची शटरं खाली ओढणारी पोरं नाहीत.
नुसतं अंदाजपत्रक अडलंय,
आणि दोन सभागृहं एकमेकांकडे पाठ करून
एकाच जिन्याने खाली उतरतायत.

हेरवाडकर चष्मा पुसत म्हणतात,
दोन कॉलम, एक शब्द. लवकर.

मी शब्द चाचपतो, डब्यातल्या बटणांसारखे.
कोंडी? ती आपण सायनच्या सर्कलला वापरून झिजवली.
पेच म्हटलं की पतंग आला, आणि पतंग म्हटला
की कुणीतरी कापलं जाणार. इथे कुणीच कापलं जात नाही.
तिढा बरा आहे, पण काल पान दोनवर पाणीपट्टीला गेला.
भिजत घोंगडं लिहिलं
तर त्यांच्या वकिलातीला कळणार नाही
आणि प्रभादेवीत सगळ्यांना कळेल.

मग मी हळूच 'नामुष्की' घालतो.
मूळ बातमीत ती नाही.
हात आपोआप गेला, खरं सांगतो,
शेजाऱ्याच्या भांडणाला खिडकी उघडावी तसा.

कारण एक हिशेब आहे जुना.
आमच्याकडे बेरीज जुळत नव्हती,
आमदार हॉटेलात होते आणि हॉटेलाबाहेर कॅमेरे,
तेव्हा एक परदेशी बातमीदार आमच्या टेबलाशी आला होता.
उंच, घामेजलेला, चांगला माणूस.
मी त्याला कॅन्टीनचा चहा पाजला,
वड्यात मीठ जास्त पडतं हल्ली, एवढंच म्हणालो.
त्याच्या बातमीत मी होतो:
'शहरातला एक वृद्ध निरीक्षक उदास हसत म्हणाला,
इथे सगळ्याचंच प्रमाण बिघडलंय.'
एक्केचाळीस वर्षांचा होतो मी.
पहिल्या ओळीत गाय होती.
त्या रस्त्यावर गाय मी कधी पाहिली नाही.

आजच्या बातमीचा शेवटचा परिच्छेद असा आहे:
बंद मत्स्यालयात एक बाई
नऊ दिवस बिनपगारी येते
आणि स्वतःच्या पैशाने मासे आणून सीलना घालते.
हेरवाडकर विचारतात, सील कुठलं, लाखेचं?
प्राणी, मी म्हणतो.
मग काढ, जागा नाही.
मी काढतो. बाई जाते, मासे जातात,
'नामुष्की' ऐसपैस बसते दोन कॉलमांत.

माहीमला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.
आमची इमारत सात मजल्यांची, कमिटी पाच विरुद्ध पाच.
कारखानीस चेकवर सही करत नाहीत,
लोबो करू देत नाहीत,
झवेरीबाई दोन्ही बाजूंना घरी बोलावून ढोकळा देतात.
लिफ्ट चौदा महिने तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये.
जाळीतून तिचं पोट दिसतं, त्यावर कुणी
खडूने उमेदवाराचं चिन्ह काढलंय, आता अर्धंच.

पंपाच्या खोलीबाहेर रामसजीवन दात घासत होता.
त्याचाही पगार त्याच चेकवर आहे. दिवाळीपासून.
'आज काय छापलं साहेब?'
म्हटलं, एका देशाचं सरकार बंद पडलंय,
मोठ्या देशाचं, खूप मोठ्या.
त्याने चूळ भरली, थोडा वेळ विचार केला.
'मग तिकडे पाणी कोण सोडतं?'

मी तोंड उघडलं. ती बाई सांगायची होती,
तिची बादली, ते ओले काळे प्राणी,
नाव तर मीही वाचलं नव्हतं नीट.
तेवढ्यात साडेचार झाले
आणि तो आत गेला.

पहिल्या मजल्यावर होतो तेव्हा पंप सुरू झाला.
नळात हवा खाकरली, कुणाच्या तरी मोरीत
उलटी ठेवलेली घागर थरथरली.
मी कठड्याला धरून चढत राहिलो,
तिसरा, लिफ्टचं पोट,
चौथा.